पोरगं पास, गाडी नापास

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुणा माणसाचं तोंड नीट निरखून पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी पाहिले ते सायलेन्सर. माणूस समोरून हसत येत असला तरी दाजींचं लक्ष त्याच्या गाडीच्या मागच्या टोकाला, तिथून काय बाहेर पडतंय याच्याकडं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्काचं सासर आणि माझं सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या आणि एक विहार. मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्याच्या अंगाला दाजींची पांढरी व्हॅन उभी असते. तिच्यावर हिरव्या अक्षरात ‘प्रदूषण तपासणी केंद्र’ असं लिहिलेलं आहे. आत एक यंत्र, एक कॉम्प्युटर आणि यंत्राला जोडलेली लांब नळी. ती नळी चालू गाडीच्या सायलेन्सरात घालायची, म्हणजे धुरात विष किती आहे त्याचा आकडा पडद्यावर येतो. आकडा नियमात बसला तर गाडी पास, नाही तर नापास. काम एवढंच. पण दाजींनी त्या कामात आपला जीव ओतला आहे, आणि थोडा थोडा आमचाही घेतला आहे.

मेहुणीला दाजींची थट्टा करायचा हक्क असतो. मला तो कधी वापरता आला नाही. मला चार माणसांत तोंडच उघडत नाही. दाजी घरात आले की मी चहाचं आधण ठेवायला आत, आणि ते गेले की बाहेर. पण भिंतीआडून ऐकायला काही लाज लागत नाही, म्हणून त्यांचं सगळं मला ठाऊक आहे.

दाजी माणसं ओळखतात ती गाडीच्या आवाजावरून. सकाळी ओट्यावर दात घासत बसले की रस्त्याकडं पाठ असते, आणि तोंडात फेस असतानाच सांगतात, “गुरुजी निघाले साळंला. चेन सैल हाय त्यांची.” मग, “हा दूधवाला. दोघं बसलेत आज गाडीवर.” मागं वळून बघावं तर खरंच दोघं बसलेले. पण तोच माणूस पायी आला की दाजींच्या लेखी तो परका. एकदा आठवडी बाजारात आमचे सरपंच वांग्याच्या ढिगाजवळ त्यांना भेटले. सरपंच म्हणाले, “जय भीम, कसं काय?” दाजींनीही जय भीम घातला आणि वांगी निवडत राहिले. सरपंचांना वाटलं, निवडणुकीत काही चुकलं असेल. ते बिचारे तोंड पाडून निघाले, गाडीला किक मारली, आणि दाजी वांगी टाकून पळत सुटले, “अहो सरपंच! कवा आलात? दिसला न्हाईत ते!”

कानाइतकाच त्यांचा नाकावर विश्वास. नाकाचा भरवसा मात्र तितकासा नाही. एका दुपारी ते जेवायला म्हणून घरी आले आणि उंबऱ्यातच थांबले. “कुणाच्या तरी गाडीचं ऑईल जळायलंय,” म्हणाले. अख्खी गल्ली फिरले. झोपलेल्या माणसांना उठवून त्यांच्या गाड्या चालू करायला लावल्या, वाकून वाकून धूर हुंगला, दोघा-तिघांना इंजनातल्या रिंगा बदलायचा सल्ला दिला आणि घामाघूम होऊन परत आले, तर अक्का करपलेल्या डाळीचं पातेलं राखेनं घासत बसलेली. “सापडलं का ऑईल?” तिनं विचारलं. दाजींनी पातेल्याकडं बघितलं, आणि म्हणाले, “वास सारखाच असतोय दोन्हीचा.” त्या दिवशी त्यांनी ती डाळ एक शब्द न काढता खाल्ली.

चौकात पलीकडच्या बाजूला काही दिवस दुसरी एक व्हॅन येऊन लागत होती. तिथं गाडीच्या नंबराचा नुसता फोटो काढला की पावती हातात. नळी नाही, वाट बघणं नाही. लोक साहजिकच तिकडं वळायचे. दाजींकडं गेलं तर आधी गाडी तापू द्यायची, मग नळी, मग आकडा स्थिर व्हायची वाट, आणि वर भाषण. लोक म्हणायचे, “मामा, घाई हाय, फोटो काढा अन् द्या सोडून.” दाजी दोन्ही हात जोडायचे. “विहारात रोज पंचशील म्हणतो. चौथं शील काय सांगतं? खोटं बोलायचं न्हाई. मग ह्या मशिनीनं तरी कावून खोटं बोलावं?” त्यांच्या सख्ख्या भावाची गाडी त्यांनी नापास केली, तो भाऊ सहा महिने घराकडं फिरकला सुद्धा नाही, तेव्हा हे म्हणाले, “आला असता, पण गाडी दुरुस्त केली नसंल.” एवढंच कशाला, एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ती नळी आपल्याच व्हॅनच्या सायलेन्सरात घातली. व्हॅन नापास. दाजींनी तिथल्या तिथं व्हॅनचं दार ओढलं, व्हॅन ढकलत कडेला घेतली आणि कार्ब्युरेटर साफ होईपर्यंत घरी बसले. अक्का शेजारणींना सांगायची, “स्वतःलाच नापास करून घरी बसलेला माणूस मी पयल्यांदा बघितला बाई.”

पण त्यांचा खरा दुस्वास होता तो फटाका सायलेन्सरवर. गाडीला कंपनीनं दिलेला सायलेन्सर काढायचा आणि मोकळी नळी बसवायची, म्हणजे गाडी गोळीबार केल्यासारखी फाट फाट वाजते. आमच्याकडच्या पोरांना त्याचं भारी वेड. दाजी त्यांना थांबवून समजावायचे, आणि बायामाणसांना कळावं म्हणून आम्हालाही समजवायचे. “कंपनीच्या सायलेन्सरात जाळी असती. धुरातलं विष तिथं मरतं. ती जाळी काढणं म्हंजे चाळण फेकून द्यायची अन् कोंडा, खडे, किडे सगळं घालून भाकरी थापायची. वर म्हणायचं, बघा, माझी भाकरी कशी कुरकुर वाजती!” कुठल्याशा शहरात पोलिसांनी तसले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवला होता. तो व्हिडिओ त्यांच्या मोबाईलमध्ये होता, आणि लोक जशी लग्नाची शूटिंग दाखवतात तसा ते पाहुण्यांना चहाबरोबर दाखवायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘धूरमामा’ ठेवलं होतं. पण वचक असा, की चौक जवळ आला की ही मोठाली पोरं गाडी बंद करायची, उतरायची, आणि दाजींच्या व्हॅनपुढून गुरं हाकल्यासारखी गाड्या ढकलत न्यायची. पलीकडच्या वळणावर गेल्यावर मग किक. दाजींना ते ऐकू यायचंच. पण समोरून ढकलत नेलेल्या गाडीला नियमानं काही म्हणता येत नाही, याचा त्यांना फार त्रास व्हायचा.

अशा माणसाला एक मुलगी. आमची शीतल. बीडला एका दवाखान्यात नर्स आहे, हुशार आहे, आणि बापावर तिचा जीव. तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हाच मला धाकधूक होती. पहिलं स्थळ आलं, तेव्हा चहा पिता पिता दाजी लघवीला म्हणून उठले ते आलेच नाहीत. शोधायला गेलो तर पाहुण्यांच्या गाडीखाली आडवे. बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, आणि त्याच हातांनी नमस्कार करून म्हणाले, “रिंगा गेल्यात. आधी इंजनाचं बघा, मग लग्नाचं.” ते स्थळ परत आलं नाही. शीतलला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तो मुलगा तिलाही आवडला नव्हता. पण दुसरं स्थळ आलं तलवाड्याचं. मुलाचं नाव सुमेध, विजेच्या खात्यात वायरमन. फोटो पाहून झाले, दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं, आणि एका रविवारी शीतल माझ्याकडं शेवया वळायला म्हणून आली. खाली मान घालून म्हणाली, “मावशी, हे स्थळ मोडू द्यायचं न्हाई. लई चांगलं पोरगं हाय.”

“कशावरून गं?” मी विचारलं.

“माझं बोलणं संपायची वाट बघतं,” ती म्हणाली. “मधी बोलत न्हाई.”

एवढं कळणारी पोरगी चुकत नसते. मी अक्काला सांगितलं, आणि अक्कानं कंबर कसली. पाहुणे यायच्या दिवशी तिनं व्हॅन घरामागं लावून घेतली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दाजींना समोर उभं केलं.

“आज तोंडातून सायलेन्सर हा शब्द निघाला तर बघा.”

“न्हाई निघत.”

“नळी?”

“नळी बी न्हाई.”

“कार्बन?”

“अगं, न्हाई म्हणलं ना! मी काय लहान हाय का?”

पाहुणे यायची वेळ झाली आणि फाट्याकडून आवाज आला. फाट, फाट, फाट. दाजी नवीन शर्टाची गुंडी लावत होते, त्यांचा हात तिथंच थांबला. डोळे मिटून हळूच म्हणाले, “बुलेट. जाळी काढलेली.”

“अहो!” अक्का ओरडली.

“मी काय बोललोच न्हाई.”

आईवडील जीपमधून उतरले आणि मागून बुलेटवर सुमेध. मुलगा खरंच गुणी. चप्पल काढताना इतरांच्याही सरळ करून ठेवल्या. बैठक बसली, पोहे आले. अक्कानं दाजींना विचारायचे प्रश्न पाठ करून घेतले होते. दाजींनी नोकरी कायम आहे का विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं, शेती किती ते विचारलं. मग पाठ केलेले प्रश्न संपले. दाजींनी घसा साफ केला. “अन् गाडी कितीचं ॲव्हरेज देती?”

दाराआड अक्कानं पळी आपटली. “न्हाई, सहज,” दाजी म्हणाले आणि पोह्यातले शेंगदाणे वेचायला लागले.

शीतल आली, बसली, विचारलं तेवढं नीट बोलली. सुमेधची आई रुबाबदार बाई, बोलायला मोकळी. तिनं शीतलला जवळ बसवून घेतलं आणि लेकाचं कौतुक सुरू केलं. “माझ्या लेकाची गाडी वाजली की अख्ख्या तलवाड्याला कळतं, आता लाईट येणार. लोक पंखे चालू करून बसतात! म्हाताऱ्या म्हणतात, आला गं बाई उजेड.” सगळे हसले. दाजींनीही हसल्यासारखं केलं, पण त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती ती मला आतून दिसत होती. तरी गडी टिकला. निघताना त्या बाईंनी शीतलच्या गालावरून हात फिरवला आणि अक्काला म्हणाल्या, “पोरगी आमच्या मनात भरली बरं का. निरोप धाडतो.” अक्कानं माझा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी रुतली.

आणि अंगणात सुमेधनं बुलेट चालू केली.

ते उन्हाळ्याचे दिवस. अंगणात बाजेवर आमच्या दोघींच्या कुरडया वाळत होत्या, पांढऱ्या शुभ्र. गाडी नेमकी बाजेला पाठ करून उभी. पहिल्याच किकेला असा बार निघाला की कोंबड्या छपरावर गेल्या, आणि मागून काळ्या धुराचा एक भपका कुरडयांवर. दाजींनी कुरडयांकडं पाहिलं. मग आमच्याकडं पाहिलं. मग सुटले.

“बंद करू नका! गाडी चालूच ठेवा!” असं ओरडत ते घरामागं गेले. ताडपत्री फरफटत आली, तिच्यामागं व्हॅन आली, आणि आम्हाला काही कळायच्या आत नळी सुमेधच्या सायलेन्सरात. होणाऱ्या सासऱ्यांचं ऐकायचं म्हणून तो बिचारा गाडी चालू ठेवून सरळ उभा. त्याचे वडील जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. अंगणभर नुसती फाट फाट. दाजी पडद्याकडं बघत होते, आणि चौकात ओरडायची सवय असलेल्या त्या आवाजात त्यांनी जाहीर केलं, “नापास!”

“काय म्हणलात?” सुमेधची आई पुढं आली.

“गाडी नापास हाय. कार्बन बघा किती हाय, हे बघा इथं.”

“अवो, आमी पोरगी बघायला आलो,” ती बाई म्हणाली. “तुमच्या पोरीत आमी एक खोट काढली न्हाई. अन् तुमी आमच्या लेकाच्या गाडीला नळ्या लावताय?”

“गाडीला म्हणलं मी. पोरगं चांगलंच हाय.”

“मोठी मेहेरबानी! चला हो!” जीपचं दार आपटलं. सुमेध काही बोलणार होता. त्यानं खिडकीकडं पाहिलं, तिथं शीतल उभी होती. मग त्यानं स्वतःच वाकून नळी काढली, नीट गुंडाळून दाजींच्या हातात दिली आणि निघाला. घाटापर्यंत त्याची गाडी ऐकू येत होती.

त्यानंतर अक्का जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “पोरगं पास, गाडी नापास म्हणे! पोरीचं लगीन गाडीशी लावायचं होतं का? तुमी मला बघायला आलतात, तवा तुमच्या फटफटीला तर सायलेन्सरच नव्हता. माझा बाप म्हणला होता, पिठाची गिरणी आली काय दारात! त्यानं लावली होती का तुमाला नळी?”

“तवा नियम नव्हता,” दाजी म्हणाले.

अक्का आत गेली ती बोलायचीच बंद झाली. शीतल बाजेवर बसून काळ्या झालेल्या कुरडया वेगळ्या काढत होती. रडली नाही. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, “त्यांच्या आईनं जीपमधूनच फोन केला मावशी. म्हणल्या, हे घर आता नको.”

पुढचे दिवस वाईट गेले. अक्का डबा करायची पण दाजींना नेऊन देईना, म्हणून मी चौकात डबा पोचवायला लागले. दाजी व्हॅनमध्ये गप्प बसलेले असायचे. गाडी आली की नळी, आकडा, पावती. भाषण नाही. पोरं गाड्या बंद न करता समोरून फाट फाट करत गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटी त्यांतलाच एकजण वळून आला आणि म्हणाला, “मामा, तब्येत बरी हाय ना?”

एका दुपारी डबा उघडता उघडता ते मला म्हणाले, “लता, तूच सांग. मी खोटं बोललो का?”

“न्हाई दाजी.”

“मग? चौथं शील पाळलं हा गुन्हा झाला का माझा?”

मला काय झालं कोण जाणे. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढं ‘चहा घ्या’ याच्यापलीकडं काही बोलले नव्हते. मी म्हणाले, “खोटं बोलायचं न्हाई असं शील हाय, दाजी. पण कुणी विचारलं नसताना खरं सांगत सुटायचं, असं कुठलं शील हाय?”

दाजींचा घास हातात राहिला. मी रिकामा डबा न घेताच घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी भाजी कशात द्यायची म्हणून अक्काची बोलणी खाल्ली.

त्यानंतर काही दिवसांनी, मी डबा घेऊन व्हॅनच्या सावलीला उभी होते. दोन-तीन गाड्यांची रांग होती. शेवटची एक काळी बुलेट, पण आवाज असा, मांजर दूध पितंय इतपत. चालवणाऱ्याचं तोंड बघून माझा पदर तोंडाशी गेला. सुमेध होता. त्यानं मला पाहिलं आणि किंचित मान लववली. दाजींनी सवयीप्रमाणं त्याच्याकडं पाहिलंच नाही. नळी घातली, पडद्याकडं बघितलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

“पास! वा, वा. गाडी लई चांगली ठेवलीय तुमी. कंपनीचा सायलेन्सर, जाळी जागेवर. अशी माणसं आजकाल भेटत न्हाईत. कुठले म्हणायचे?”

“तलवाड्याचा.”

“तलवाडा!” दाजींचा आवाज उतरला. “तिथं एक वायरमन हाय. पोरगं चांगलं हाय, पण गाडी... तुमच्या वळखीचा असंल तर जरा तुमीच त्याला...”

“मीच तो, मामा.”

दाजी उभे राहिले ते व्हॅनचं छप्पर डोक्याला लागेपर्यंत. डोकं चोळत त्यांनी, मला वाटतं पहिल्यांदाच, त्या मुलाचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांना सुचलं काय तर, “अन् मग लाईट येणार हे लोकांला कसं कळतं आता?”

“लाईट आली की कळतंच की, मामा,” सुमेध म्हणाला.

फोनवर कुणाच्या सांगण्यावरून तो जुना सायलेन्सर शोधून बसवून आला होता, हे मला ठाऊक आहे. दाजींना वाटतं, यंत्राचा आकडा बघून त्याला पटलं. वाटू दे. दाजींनी भर दुपारी व्हॅनचं दार ओढलं, सुमेधच्या मागं बसले आणि तसेच तलवाड्याला गेले. तिथं काय झालं ते सुमेधनं नंतर सांगितलं. विहीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि दाजी अंगणातूनच म्हणाले, “ताई, गाडी नापास होती हे खरं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्याहून खरं.” बाई पाठ फिरवून आत गेल्या. मग आतून पाण्याचा तांब्या आला. होकार मिळाला, पण एका अटीवर. “लग्नात कुणाच्याच गाडीला नळी लावायची न्हाई. आमचा डीजे हाय, त्याला तर हातच लावायचा न्हाई.”

लग्न विहारात लागलं. शीतल पांढऱ्या साडीत, सुमेध पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण पंचशील झालं. चौथ्या शीलाला दाजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि मग वरात निघाली. डीजेच्या जनरेटरनं असा काळा धूर सोडायला सुरुवात केली की पुढच्या माणसाला नाचणारा दिसेना. मी दाजींकडंच बघत होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवले होते, अगदी पांढरी होईपर्यंत बोटं आवळली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जनरेटरच्या बाजूनं ते वरातीत शेवटपर्यंत चालले. एक शब्द काढला नाही. विहीणबाईंनीच शेवटी डीजेवाल्याला दरडावलं, “बंद कर बे ते! आमच्या व्याह्यांना खोकला लागला.” दाजींना एवढा मान कुणी दिला नसेल.

आता शीतल तलवाड्याला असते. सुट्टी मिळाली की दोघं येतात, भाकरीतुकडा खातात, उजेड असेपर्यंत निघतात. मागच्या खेपेला मी अक्काकडंच होते. निरोप झाला, अक्कानं पिशवीत लोणचं कोंबलं, शीतल गाडीवर बसली, आणि सुमेधनं गाडी चालू केली. चालू झाली एवढंच. कडुनिंबापाशी वळली आणि झालं. अक्का आत गेली. दाजी रस्त्यावर तसेच उभे राहिले, कानामागं हात धरून, ज्या कानांना एरवी घाटातल्या गाडीची सैल चेन ऐकू येते ते कान लावून. फाट्यावरून कुणाची तरी दुसरीच गाडी फाट फाट करत गेली, तिला त्यांनी शिवी सुद्धा दिली नाही. मी चहा झाला म्हणून सांगायला गेले, तर माझ्याकडं न बघता म्हणाले,

“गाडी लई चांगली ठेवलीय पोरानं. कायच ऐकू येत न्हाई.”